बाबांचा कोट, आईचा तीळ

बाबा गेले तेव्हा नारायणगुड्यातल्या एका स्टुडिओत मी त्यांचा फोटो मोठा करायला दिला. परत आला तो भलताच माणूस. गोरापान, ओठ गुलाबी आणि अंगात काळा कोट! जन्मात बाबांनी बुशशर्टाशिवाय काही घातलं नाही. देवीचे वण पुसून चेहरा अगदी गुळगुळीत केलेला. आई चष्मा पुसत म्हणाली, "हे कुणाचे सासरे गं?" मूळ फोटो बोटभर, दुसरा नव्हता, म्हणून तेराव्याला तोच भिंतीवर चढला. रोज त्याला हार. शी!

मग एक दिवस मेथी निवडता निवडता आई म्हणाली, "माझा फोटो आताच काढून ठेव. नाहीतर मलाही कोट घालतील."

मी हट्टाला पेटले. ज्याला कुणाचा हात लागणार नाही असा फोटो हवा. कॅमेऱ्यातून कागद बाहेर येतो आणि डोळ्यांदेखत उमटतो, तसला. मामानं दुबईहून आणलेला तसा जुना कॅमेरा घरात होता, पण त्याच्या भिंगावर बुरशी. म्हणून जुम्मेरात बाजारातल्या जुन्यापान्या सामानातून भात्याचा मोठा लाकडी कॅमेरा उचलला. भिंग झकास! घरी येऊन भाता उघडला, तर घड्याघड्यांत झुरळांची अंडी. नाकाला ओढणी बांधून ते सगळं खरवडलं.

मग मामाच्या कॅमेऱ्याचं तोंड करवतीनं कापलं. कागद बाहेर ढकलणारी पाठ तेवढी ठेवली आणि प्लायवूडच्या चौकटीत बसवून लाकडी कॅमेऱ्याला मागून जोडली. कापताना आतून एक तिरका आरसा निघाला. हा कशाला मेला, म्हणून कचऱ्यात फेकला. मोठी शहाणी लागून गेले होते!

पहिले कागद फुकट गेले. कागद ढकलणाऱ्या रुळांमधून शेंबडासारखा चिकट रस ओघळायचा. हात कितीही धुतले तरी वास जाईना, जेवताना घास तोंडाजवळ नेववेना. त्या खोक्याचा, माझ्या हौसेचा, सगळ्याचा वीट आला. शेवटी एकच कागद उरला. कागद देणारा दुकानवाला म्हणाला, "खलास, अम्मा. अब नहीं आता."

आई बाल्कनीत खुर्चीवर बसली.

"हसू का नक्को?"

"नक्को. हलूही नकोस."

कागद बाहेर आला आणि हळूहळू आई उमटली. सुरकुती न् सुरकुती, कपाळावरचा जुना व्रणसुद्धा. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात तीळ दिसला. आईचा तीळ डाव्या गालावर आहे. फोटोत तो उजव्या गालावर. पदरही भलत्याच खांद्यावर. चित्र सुलटं करायलाच तो आरसा होता, आणि मी तो फेकला होता. स्टुडिओवाल्यानं बाबांना निदान कोटच घातला, मी तर आईचं तोंडच फिरवलं! इतकी किळस आली स्वतःची, की फाडायलाच निघाले.

आईनं फोटो हिसकावून घेतला. चष्मा पुसून नीट बघितला.

"हीच की मी. रोज आरशात हीच दिसते," ती म्हणाली. "हाच लाव. आणि हार आखूड आण, तीळ झाकायला नको."

इतके दिवस मी कापत होते, चिकटवत होते, शिव्या घालत होते. हा फोटो कशासाठी काढतेय, ते तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

"हाराचं नाव काढलंस तर बघ!" मी ओरडले, आणि मला रडूच फुटलं.