भावजींच्या सायकलची हवा

टायर दाबून पाहिल्याशिवाय आमच्या सासूबाईंना चहा जात नाही. जिन्याखाली शेजाऱ्यांच्या सायकली असतात, त्यांच्याही चाकांवर अंगठा फिरतो. “हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब चिमटते,” हे जो भेटेल त्याला ऐकवतात. पंक्चरवाला मला म्हणाला, “वहिनी, तुमच्या सासूबाई माझ्या पोटावर पाय देणार!” मी म्हटलं, “देऊ देत. त्यांना काही बोललास तर गाठ माझ्याशी आहे.”

बोलण्यासारखं नाहीच ते. माझे धाकटे दीर कामावरून येत होते, वाटेत चाक बसलं. सायकल ढकलत रस्त्याच्या कडेने निघाले आणि मागून ट्रकने उडवलं. सायकल तेवढी धड घरी आली.

ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी असायची. संध्याकाळी टणक असलेलं मागचं चाक सकाळी मऊ लागायचं. सासूबाई म्हणायच्या, “रात्री फिरून आला वाटतं,” आणि पंप घ्यायच्या. अगं बाई, काटाच यायचा अंगावर! जुना वॉल्व्ह, हवा झिरपणारच, एवढं मलाही कळतं. तरी अंधारात तिकडे बघायची माझी छाती होत नसे.

यंदा लेकीला लांबच्या कारखान्यात काम लागलं. दुसरी सायकल घ्यायची ऐपत नाही. सासूबाई आधी रुसल्या, जेवण टाकलं, मग आपणहून म्हणाल्या, “ने. पण चाकं नीट करून घे.” लेकीने नव्या ट्यूब, नवे वॉल्व्ह घातले, काच-खिळा लागू नये म्हणून टायरच्या आत जाड पट्टी बसवली. आता हो म्हणावं पंक्चर!

दुसऱ्या सकाळी सासूबाईंनी अंगठा दाबला. चाक दगडासारखं. “आज आलाच नाही गं तो,” म्हणाल्या आणि तिथेच खाली बसल्या. पुढेही रोज तेच. बाईंना घास उतरेना.

मला बघवेना. ठरवलं, आपणच हवा सोडून ठेवू, खोटं तर खोटं. पहाटे चोरपावलांनी गेले, तर फुस्स आवाज येत होता. अंधारात सासूबाई उकिडव्या बसून नखाने वॉल्व्ह दाबत होत्या. हवा गेली तसा त्यांनी पंप जोडला.

“अहो आई, हे काय?”

“पोरगी निघायच्या आत भरते.” त्यांनी वर पाहिलं नाही. “त्या दिवशी कमी होती गं. अंगठ्याला कळलं होतं मला. म्हटलं, घेईल त्याचा तो भरून.”