जमनीचा मंत्र

महागाव तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावर जमनीच्या मंत्राला मोठी पत होती. तान्हं पोर रडायचं थांबेना, म्हैस पान्हा सोडेना, नव्या ट्रॅक्टरला दृष्ट लागली, की माणसं तिच्या दारात. ती डोळे मिटून ओठातल्या ओठात पुटपुटायची, फुंकर मारायची आणि पोर गप्प व्हायचं. ट्रॅक्टरचं काय व्हायचं ते ट्रॅक्टरलाच ठाऊक. पण नवरा गेलेल्या, लेक सासरी दिलेल्या या एकट्या बाईला सगळा तांडा 'याडी', म्हणजे आई, म्हणून हाक मारायचा तो या मंत्रापायीच.

मंत्र आला होता सिनेमातून. पन्नास वर्षांपूर्वी युरोपातली एक कंपनी हिंदुस्थानातल्या साहसाचा सिनेमा काढायला पैनगंगेच्या जंगलात उतरली होती. जंगल होतं, नदी होती, पण दिग्दर्शक साहेबाला ते पुरेसं हिंदुस्थानी वाटेना. मग पळसाच्या झाडांना नारळ बांधले. नदीत रबरी मगर सोडली. निळ्या डोळ्यांच्या एका बाईला तपकिरी रंग फासून महाराणी केलं. प्लास्टरचं देऊळ उभं राहिलं आणि त्याच्या पायऱ्यांवर देवीची पुजारीण म्हणून उभी केली सोळा वर्षांची, बकऱ्या चारणारी जमनी. तिच्या अंगावरच्या कपड्यांना शंभरेक आरसे होतेच. साहेबाने आणखी दोनशे लावायला सांगितले.

"तुझ्या बोलीत काहीही बोल, पण मनापासून बोल," असं मुंबईहून आणलेल्या दुभाष्याने सांगितलं. जमनी मनापासून बोलली. त्याला कारण होतं. आदल्या दिवशी बळीच्या देखाव्यासाठी कंपनीने तिची बकरी नेली होती, संध्याकाळी परत देतो म्हणून. देखाव्यात बकरीच्या केसालाही धक्का लागला नाही. जो काही लागला तो जेवणाच्या वेळी.

दोरीपलीकडे अडवून ठेवलेल्या तांड्याला शब्द ऐकू गेले नाहीत, नुसते हातवारे दिसले. साहेब खुर्चीवरून उठून नाचायला लागला. पोरीच्या तोंडून देवीचा मंत्र निघाला, असं दुभाष्याने ठोकून दिलं. जमनी चार दिवस सांगत फिरली, की मंत्र-बिंत्र काही नाही, मी बकरी मागत होते. बकरीसाठी कोणी साहेब नाचतो का, म्हणून सगळे हसले. मग शेजारीण रडकं पोर घेऊन आली, जमनीने नाइलाजाने फुंकर मारली, पोर झोपलं, आणि तिथून पुढे जमनीनेही बकरीचं नाव काढलं नाही.

तो सिनेमा तांड्याने कधी पाहिलाच नाही. आता तो धुऊनपुसून, आवाज लख्ख करून, उमरखेडच्या एका कॉलेजात दाखवणार होते. या मंत्रावर चारशे पानांचं पुस्तक लिहिलेले एक गोरे डॉक्टर खास त्यासाठी येणार होते. त्यांना संस्कृत तोंडपाठ होतं. इथल्या शंभर कोसांत बोलली जाणारी एकही भाषा येत नव्हती.

तांड्याचा मुखिया, नायक हिरासिंग, आमंत्रण घेऊन आला तेव्हा जमनी पाय चोळायला लागली.

"मले नाही जमत, हिरासिंग. पाय दुखून राह्यले."

"काहून असं करतं, याडी? दोन टेम्पो सांगतले. अख्खा तांडा येऊन राह्यला तुहा मंत्र ऐकाले!"

अख्खा तांडा, म्हणजे तिची बोली समजणारा एकूण एक माणूस. न जावं तर संशय, जावं तर पन्नास वर्षांची अब्रू पाण्यात. ती गेली.

पुढच्या रांगेत गोरे पाहुणे आणि प्राध्यापक, मागे तांडा. रबरी मगर पाण्यावर पालथी झाली तेव्हा पुढच्या रांगेने "काय भव्य!" म्हणून माना डोलावल्या. मग देऊळ आलं. पडद्यावरच्या जमनीने हात वर केले. खाली प्राध्यापक विठ्ठलरावांनी केलेलं मराठी भाषांतर उमटलं: 'हे रक्तपिपासू माते, या गोऱ्या परक्याचं काळीज स्वीकार!' आणि कर्ण्यातून तांड्याच्या बोलीत स्वच्छ ऐकू आलं ते असं, की मेल्यांनो, माझी बकरी गिळलीत, तुमच्या पोटात किडे पडोत, आत्ताच्या आत्ता माझी बकरी आणून द्या!

आधी मथुराबाईला हसू फुटलं. तिने दोन नातवंडांवर हाच मंत्र घालून घेतला होता. मग सगळा तांडा पोट धरून हसायला लागला. "शांतता! श्रद्धेचा विषय आहे!" असं कुणीतरी पुढून ओरडलं.

लाजेने आपला जीव जाईल, असं जमनीला वाटलं होतं. पण तिचं लोकांकडे लक्षच नव्हतं. पडद्यावरची पोर रडत होती. तिची हनुवटी थरथरत होती, आणि तेवढं कुणालाच दिसत नव्हतं. परक्यांनी त्या रडण्याचा मंत्र केला, ते परकेच होते. आपण मात्र पन्नास वर्षं तेच केलं, याची जमनीला स्वतःचीच चीड आली.

तिला मंचावर नेऊन शाल दिली. विठ्ठलरावांनी घाईघाईने बाजू सावरली. "ही प्राचीन बोली आहे. आजच्या लोकांना अर्थ लागत नाही म्हणून हसू येतं. हो ना, याडी?"

नुसती मान हलवायची होती. खालून हिरासिंगही हो म्हण, हो म्हण, अशा खुणा करत होता.

"नाही," जमनी माईकवर म्हणाली. "हा मंत्र-गिंत्र काही नाही. कंपनीनं माह्यी बकरी खाल्ली, म्हून म्या शिव्या देल्या. तुमच्या लेकरायवर बी त्याच फुंकल्या. माफ करा मले."

आता तर टाळ्या पिटून हशा झाला. गोऱ्या पाहुण्यांनी एवढ्यातून एकच शब्द ओळखला. चार दिवस लॉजवर जेवताना तो त्यांच्या कानावर पडला होता. "बकरी?" त्यांनी विचारलं.

विठ्ठलरावांनी कपाळ पुसलं आणि बकरी म्हणजे इथे जीवात्मा, असं इंग्रजीत समजावलं. पाहुणे हरखले, वही उघडली, पुढचा प्रश्न केला.

"याडी," विठ्ठलराव म्हणाले, "पाहुणे विचारतात, त्या बकरीचा गूढ अर्थ काय?"

जमनी पुन्हा माईककडे वळली.

"अर्थ कायचा? गाभण होती."

मागच्या रांगांतलं हसू तिथल्या तिथे थांबलं. पाहुणे पेन धरून भाषांतराची वाट पाहत होते.