दोन रिपोर्ट शेजारी ठेवणाऱ्या मॅडम

डॉ. सुनंदा देशपांडे यांची आणि माझी पहिली भेट आमच्या चितेगावच्या घरी झाली. माझे मालक जाऊन सहा महिने झाले होते. मूत्रपिंडाच्या आजाराच्या अभ्यासासाठी मॅडम निरनिराळ्या दवाखान्यांतले कागद जमवत होत्या. खुर्ची दिली तरी त्या सतरंजीवरच बसल्या. मालकांचे दोन रिपोर्ट शेजारी-शेजारी ठेवून पाहिले.

पहिल्या लॅबचा आकडा एकशे तीस होता, दुसरीचा पासष्ट. निम्म्यावर आला म्हणून आम्ही गल्लीत पेढे वाटले होते. मालक औषधं सोडून वाळूजला कारखान्यात पाळीवर जाऊ लागले होते.

"वहिनी, आजार उतरलाच नव्हता," मॅडम म्हणाल्या. "एकांनी रक्तातला सगळा युरिया मोजला, दुसऱ्यांनी त्यातला फक्त नायट्रोजन. त्याचा आकडा साधारण निम्माच येतो."

"म्हंजे आमचंच चुकलं?"

"तुमचं नाही. न समजावता असे कागद हातात देणाऱ्या आम्हा डॉक्टरांचं."

हे त्यांना लपवता आलं असतं. त्या दिवशी मी खूप रडले, पण मॅडमवर माझा विश्वास बसला. तरी कागद मात्र दिले नाहीत. अभ्यासात मालकांचं नाव जाऊन नुसता नंबर येणार, हे मला सोसवलं नाही. मॅडमनी सगळे कागद तारखेनं लावून परत केले आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

पुढं त्यांनीच मला केसपेपर उतरवायच्या कामावर घेतलं. माझी शाळा सातवीपर्यंतच. बाकीचं घरी वाचून शिकलेलं. एकदा साखरेच्या आकड्यापुढं मी मनानंच 'उपाशीपोटी' लिहिलं, कारण पेशंट सकाळी आला होता. मॅडम हसल्या. "आपल्याकडं माणूस चहा पिऊन, वर दोन खारी खाऊन रांगेत लागतो. माहीत नसेल तर रकाना कोरा ठेवा." मूळ आकडा कधी खोडायचा नाही, शेजारी लॅब आणि मोजायची पद्धत लिहायची, ही त्यांची शिस्त.

इतर दवाखाने कागद द्यायला नाखूश असत. एक बडे डॉक्टर तर म्हणाले, "पेशंट आमचे, तुम्हाला कशाला पंचाईत?" मॅडमनी शांतपणे आपल्याकडची नावं काढलेली माहिती त्यांच्यापुढं ठेवली. "आधी आमचं घ्या, मग ठरवा." तिसऱ्या खेपेला ते कबूल झाले.

मागच्या महिन्यात बिडकीनची एक बाई हसतच आली. नवऱ्याचा आकडा निम्मा झाला होता. मी तिनं आणलेले दोन्ही रिपोर्ट आमच्या तक्त्यात मांडले, मोजायची पद्धत वेगळी दिसली आणि मी मॅडमना हाक मारली. मॅडमनी तिच्या नवऱ्याला त्याच दुपारी भरती करून घेतलं. आता तो सुधारतो आहे.

दुसऱ्या दिवशी मी मालकांची फाईल नेली.

"वहिनी, माझ्या पंचाहत्तरीची भेट म्हणून देत असाल तर नको," मॅडम म्हणाल्या.

"तुमच्यासाठी नाय, मॅडम. बिडकीनच्या बाईसारख्या बायांसाठी."

मी संमतीच्या कागदावर सही केली. तक्त्यात नावाचा रकाना नव्हताच. एकशे तीस आणि पासष्ट हे आकडे मॅडमनी स्वतःच्या हातानं शेजारी-शेजारी लिहिले.

मॅडमना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि जे मला उशिरा कळलं ते त्यांच्या हातून पुष्कळ घरांना वेळेवर कळो.