प्राण्यांचे आवाज

डिलीट सरांनी मला फसवलं. मी बनवलेला खेळ त्यांनी बेंगळुरूच्या एका कंपनीला दिला. त्यात माझ्या आईचा आवाज होता. खेळ संपल्यावर नावांची यादी वर सरकत जाते, तिच्यात त्यांनी आईला 'प्राण्यांचे आवाज' करून टाकलं. हे आधीच सांगते, कारण पुढे मी या माणसाचं कौतुकही करणार आहे आणि ते वाचून कुणाचा गैरसमज व्हायला नको.

सोलापूर शहराबाहेरच्या एका खासगी कॉलेजात ते आम्हाला गेम प्रोग्रामिंग शिकवायचे. मूळचे अक्कलकोटकडचे. घरी कन्नड, वर्गात मराठी आणि संतापले की दोन्ही. उंच, किडकिडीत माणूस, खिशात कायम खारे शेंगदाणे. ते मागे येऊन उभे राहिले की पावलं वाजायची नाहीत, दाणे चावल्याचा आवाज यायचा. मग मानेजवळून एक लांब हात पुढे यायचा, आठवडाभर खपून केलेलं काम निवडायचा आणि पुसून टाकायचा. नुसतं पुसून भागायचं नाही, कॉम्प्युटरची कचरापेटीसुद्धा ते रिकामी करायचे. वर म्हणायचे, "होगली बिडू." म्हणजे जाऊ दे, सोड. आणि पुढचं मराठीत, "पुन्हा लिही. पहिल्यांदा लिहितेस ते इंटरनेटचं. दुसऱ्यांदा लिहितेस ते तुझं."

यावरून त्यांचं नाव डिलीट सर पडलं. नाव त्यांना माहीत होतं आणि आवडतही होतं.

आमच्या वर्गात श्रीनिवास होता, सोलापूरच्या पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलणारा. वडील यंत्रमागावर कामाला. त्याने मोटारींच्या शर्यतीचा खेळ बनवला होता आणि तो दाखवायच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. सरांनी सगळ्यांसमोर थोडा वेळ मोटार चालवली, दाणे चावले आणि खेळ पुसला. श्रीनिवासच्या डोळ्यांत पाणी आलं. सर म्हणाले, "रडतोयस काय? मागावर धागा तुटला की तुझा बाप असाच रडत बसतो का?" सगळा वर्ग हसला. मीही हसले. असल्या वर्गात जो हसत नाही त्याचा नंबर पुढचा असतो.

श्रीनिवासने खेळ पुन्हा लिहिला, आणि खरं सांगायचं तर दुसरा फार चांगला झाला. शेवटच्या वर्षी निरोपाच्या दिवशी सरांनी त्याला एक पेनड्राइव्ह दिला. "हे तुझं पहिलं पोरगं. बघ, काय घाण होती." पुसलेला खेळ जसाच्या तसा त्यात होता. आम्ही बघतच राहिलो. सर म्हणाले, "मी काही टाकून देतो होय रे? आधी माझ्या डिस्कवर घेतो, मग पुसतो. तुम्हाला गेलं असं वाटलं की बास." श्रीनिवास त्यांच्या पाया पडला. ही गोष्ट वाचणाऱ्याने लक्षात ठेवावी. मी ठेवली आहे.

मला ते 'बाजार' म्हणायचे. पहिल्या चाचणीत त्यांनी मला सात गुण दिले. मी त्यांच्या टेबलाशी जाऊन म्हणाले, "सर, नऊ द्या. नाहीतर आठावर तोडू." ते इतके हसले की तोंडातले दाणे टेबलावर सांडले.

"घरी काय करतात गं?"

"मेंढरं."

"मग बाजार शिकूनच आलीयस की. गुण वाढणार नाहीत. बस खाली, बाजार."

त्या दिवसापासून माझं नाव हजेरीपुरतं उरलं. पण त्यांनी मला जेवढं शिकवलं तेवढं कुणी शिकवलं नाही. मी मेंढरं हाकायचा खेळ करायला घेतला तेव्हा पडद्यावरच्या प्रत्येक मेंढीला मी रस्ता आखून दिला होता. मेंढ्या पलटणीसारख्या चालायच्या. सरांनी बघितलं, पुसलं आणि म्हणाले, "तू मेंढरांत वाढलीस ना? मग हे कुठल्या पुस्तकातलं मेंढरू आणलंस? मेंढरू रस्ता बघतं का?" मी चिडून गच्चीवर जाऊन बसले. तिथे बसल्यावर आठवलं, मेंढरू रस्ता बघत नाही, शेजारणीकडे बघतं. शेजारीण वळली की वळतं, ती बुजली की बुजतं. मी खाली आले आणि तेवढंच लिहिलं. पडद्यावर कळप जिवंत झाला. सर मागे उभे होते. माझ्या टेबलावर मूठभर दाणे ठेवून निघून गेले. त्या मुठीची मला अजून किंमत आहे, म्हणून तर राग जात नाही.

खेळात हाक हवी होती. कळपातलं एखादं मागे राहिलं की हाकणारा ओरडतो, ती हाक. मी आईचा आवाज मोबाइलवर घेऊन आले. सरांनी ऐकलं, तेही पुसलं आणि म्हणाले, "ह्यात वारा जास्त आणि आई कमी. मी येतो." कॉलेजचा चांगला रेकॉर्डर घेऊन ते सांगोल्याकडच्या आमच्या वस्तीवर आले. आई लाजली.

"सायेब, मी काय गाणारी हाय व्हय?"

"गाऊ नका, मावशी. मेंढरं हाका."

आई बांधावर उभी राहिली आणि तिने रोजच्यासारखी हाक दिली. "हुर्रऽऽ, ये गं... कुटं ऱ्हायली गं माझी?" शेवटचा 'माझी' ती लांबवायची. शाळा सुटल्यावर मला बोलवायची तीही ह्याच सुरात. माणसाला वेगळी आणि मेंढराला वेगळी असली हाक तिच्याकडे नव्हतीच. सरांनी कानावरचे हेडफोन काढले आणि कितीतरी वेळ गप्प राहिले. निघताना आईने त्यांना घोंगडं दिलं. लोकरही आमचीच. "लई वाळलाय मास्तर तुझा. थंडीत पांघराया दे त्येस्नी," असं ती मला म्हणाली, त्यांच्यादेखत.

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. सर मुद्दाम थांबले. आमच्याकडे जनावरांचा भाव तोंडाने होत नाही. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि आत बोटं दाबून बोलायचं. बाहेर उभ्या असलेल्याला काही कळत नाही. माझ्या वडिलांचे, आप्पांचे, गुडघे धरल्यापासून हा व्यवहार मी करायचे. बाईमाणसाचा हात टॉवेलखाली घ्यायला व्यापारी आधी लाजायचे, नंतर घाबरायला लागले. सरांनी विचारलं, "कागद नाही, साक्षीदार नाही. उद्या तो नाही म्हणाला तर?" आप्पा म्हणाले, "नाय म्हनल कसा? हात दिलाय की." सरांना हे फार आवडलं. वर्गात महिनाभर तेच सांगत होते.

खेळ पुरा झाला. बेंगळुरूच्या कंपनीत सरांच्या ओळखीचे लोक होते आणि सर स्वतःही तिकडेच नोकरीवर निघाले होते. म्हणाले, "तुझा खेळ घेऊन जातो. इथे राहिला तर धूळ खाईल." मी म्हणाले, माझ्या अटी आहेत. त्यांनी खिशातून रुमाल काढला, आमच्या हातांवर टाकला आणि म्हणाले, "चल बाजार, सौदा करू."

मी एक बोट दाबलं आणि अट सांगितली. यादीत आईचं नाव पहिलं. दुसरं दाबलं. तिच्या आवाजाला कुणी हात लावायचा नाही. तिसरं दाबलं. मूळ रेकॉर्डिंग मला परत. लॅबमधलं काही बाहेर न्यायला बंदी होती, पेनड्राइव्ह ते दारातच काढून घ्यायचे, म्हणून ही तिसरी अट. प्रत्येक बोटाला त्यांनी उलटं बोट दाबून होकार दिला. मी हात सोडला. बोकड घेताना दहा वेळा दात बघणारी मी, इथे कागद मागितला नाही. आमच्यात टॉवेलखाली हात दिलेल्या माणसाकडे कागद मागणं म्हणजे त्याच्या थोबाडीत मारणं.

त्याच हिवाळ्यात आई गेली. छातीत पाणी झालं होतं, कळलं तेव्हा उशीर झाला होता. दहाव्याला सर आले. तेच घोंगडं खांद्यावर घेऊन आप्पांजवळ बसले. मी रेकॉर्डिंगचं विचारलं. म्हणाले, "पाठवतो, पाठवतो. आत्ता ते राहू दे." दुःखाच्या घरात सौद्याचं बोलायचं नसतं, म्हणून मी गप्प बसले. बाजारात मी कधी इतकी गप्प बसले नव्हते.

पुढे श्रीनिवासचा पुण्याहून फोन आला. "बाजार, तुझा खेळ आलाय. माझ्या बहिणीची पोरं दिवसभर तेच खेळतात." मी फोनवर उतरवून घेतला. माझा कळप होता, शेजारणीकडे बघून वळणारा. एक मेंढी मुद्दाम मागे ठेवली आणि वाट बघितली. हाक आली. पण ती आईची नव्हती. कुणीतरी आवाजाचा वेग वाढवला होता. बारीक, चिरका, नाकातला. "कुटं ऱ्हायली गं माझी" चा एक चिवचिवाट झाला होता, आणि तो झाला की पडद्यावर हसरे चेहरे उडायचे. शेवटी यादी आली. कल्पना आणि मार्गदर्शन, सरांचं नाव. मी 'साहाय्य' मध्ये, बऱ्याच जणांत. आणि खाली, 'प्राण्यांचे आवाज : संग्रहातून'.

आप्पा शेजारी बसले होते. आई गेल्यापासून ते अधूनमधून म्हणायचे, "त्या मास्तराकडचं तिचं आणून लाव की एकदा." मी काही न सांगता फोन त्यांच्या कानाला लावला. त्यांनी मान कलती करून ऐकलं. "कोकरू हाय की ह्ये. आईपासनं चुकल्यालं." मग फोन परत दिला. "कुनाचं हाय?"

मी सांगितलं नाही.

सर कॉलेजच्या एका समारंभाला पाहुणे म्हणून सोलापुरात आले तेव्हा मी त्यांना कॅन्टीनमध्ये गाठलं. मला बघून खरंच आनंद झाला त्यांना. "अगं बाजार! जुळे सोलापूर भागात स्वतःचं ऑफिस टाकलंस म्हणे. पोरांचं काम पुसतेस की नाही?"

"पुसते. आईचा आवाज का बदलला?"

"कंपनीला भेसूर वाटला गं. लहान पोरं दचकायची. वेग वाढवला, आता हसतात."

"आणि नाव?"

त्यांनी चहात बिस्किट बुडवलं. "माणसाचं नाव घातलं की त्याची सही लागते. ती गेलेली, सही कुठून आणायची? प्राण्याची सही लागत नाही."

मी टेबलावर हात आपटला. कप हलला. आजूबाजूची पोरं वळून बघायला लागली. "रुमालाखाली हात दिला होता तुम्ही."

"रुमालाखाली काय झालं ते कुणी बघितलं?" आणि ते हसले. मनापासून, मी नऊ गुण मागितले होते तेव्हाच्यासारखेच हसले. त्यांच्या दृष्टीने तोही एक विनोदच होता.

"मूळ रेकॉर्डिंग द्या. बाकी सगळं सोडते."

"डिस्क साफ केली गं. होगली बिडू. पुन्हा रेकॉर्ड कर."

तोंडातून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. मला वाटलं, आता तरी मान खाली घालतील. त्यांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं, श्रीनिवासची मोटार बघितली होती तसं, आणि म्हणाले, "नाहीतर तूच म्हण की. तुझा आवाज आईसारखाच आहे."

मी उठून आले. आवाज खरंच आईसारखा आहे. एकदा ऑफिस बंद करून मी ती हाक देऊनही बघितली, 'माझी' लांबवून. दुसऱ्यांदा केलं की ते आपलं होतं, असं सर म्हणायचे. ते बरोबर होतं. ते माझंच झालं. आईचं नव्हतं.

आज माझ्याकडे काम करणारी पोरं मला पाठीमागे काय म्हणतात ते मला माहीत आहे. मीही त्यांच्या मागे जाऊन उभी राहते आणि त्यांचं पहिलं काम पुसते. ती चिडतात, पुन्हा लिहितात, चांगलं लिहितात. पुसण्याआधी मी प्रत ठेवते. हे मी ज्यांच्याकडून शिकले त्यांना आता विचारते.

सर, यादीचं सोडा. तिथे तुमचं नाव पहिलं असू द्या. पण तुम्ही आयुष्यात काही पुसलेलं नाही. श्रीनिवासच्या भिकार मोटारीसुद्धा तुम्ही वर्षानुवर्षं जपून ठेवल्या होत्या. आणि बांधावर उभं राहून ज्या आवाजाने तुम्ही गप्प झालात, तेवढाच तुम्ही पुसला? ही थाप व्यापाऱ्याला मारा, मला नको. तो आवाज तुमच्या डिस्कवर आहे, आणि तिने दिलेलं घोंगडं तुमच्या अंगावर. आप्पा दारात बसून आहेत, आणि कोकराचा नाही, आईचा आवाज मागतायत. त्यांना मी काय सांगू? होगली बिडू म्हणू? नाही. ते तुम्ही येऊन सांगा, आप्पांच्या समोर बसून, त्यांच्या टॉवेलखाली हात देऊन.