'सॉरी'चं जपानी

जळगावच्या एका कारखान्यात मी जपानी दुभाष्याचं काम करतो. नवी यंत्रं बसवायला एक साठीचा जपानी इंजिनिअर आला होता, त्याच्याबरोबर सहा महिने होतो. फार भला माणूस. मी त्याला रोज माझ्या डब्यातलं आग्रहाने वाढायचो, 'आबा' म्हणायचो. आमच्याकडे मोठ्या माणसाला असंच म्हणतात, हे सांगितल्यावर खूश झाला होता.

थंडीत आम्ही त्याला पहूरजवळच्या एका शेतात भरीत पार्टीला नेलं. भरिताच्या पंगतीत पाहुण्याचं 'पुरे' कोण ऐकतं? तो दोन्ही हात पानावर आडवे धरायचा आणि मी हसत बाजूने वाढायचो. चौथ्या पुरीनंतर तो हळूच म्हणाला, "छाती जड झालीय." मला नीट कळलं. शब्द कळणं हाच तर माझा धंदा! पण मी सगळ्यांना काय सांगितलं? "आबांच्या छातीत जळजळतंय." हशा पिकला. आमचा धुळ्याचा ड्रायव्हर म्हणाला, "काही नई भाऊ, सायबले मिरची झोंबनी." मग ओवा झाला, लिंबू-सोडा झाला. त्याला खाटेवर आडवं करून आम्ही अर्धा तास गप्पा हाणत बसलो. तो घामाने भिजला तेव्हा कुठे गाडी काढली. जळगाव यायच्या आत सगळं संपलं होतं.

आठवड्याने मॅनेजरसाहेबांनी त्याच्या बायकोला पाठवायचं इंग्रजी पत्र माझ्यापुढे ठेवलं. चार ओळींचं, आणि त्यात खरी ओळ एकच : 'वुई आर सॉरी'. इंग्रजीचं बरं आहे, दुःख झालं तरी सॉरी, चूक झाली तरी सॉरी. जपानीत सांत्वनाचे शब्द वेगळे, कबुलीचे वेगळे. मी विचारलं, "सर, यातलं कुठलं लिहू?"

"अहो भाऊ, विचारायचं काय त्यात? सांत्वनाचं लिहा. आपली काय चूक?"

आपली नव्हती. माझी होती, आणि ती मी कुणालाच सांगितली नव्हती.

मी दोन मसुदे केले. पहिल्यात सगळं लिहिलं : तो काय म्हणाला, मी काय सांगितलं. तो फाडला. भ्यालो, दुसरं काय! नोकरीला नाही, त्या बाईला भ्यालो. दुसरा पाठवला. एवढं सफाईदार जपानी मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

महिन्याने उत्तर आलं. हाताने लिहिलेलं, माझ्या नावे. 'व्हिडिओ कॉलवर ते सांगायचे, इथे एक मुलगा मला आबा म्हणतो, पुरे म्हटलं तरी वाढतो. शेवटच्या वेळी त्यांचं बोलणं कळणारं कुणीतरी जवळ होतं, याचाच मला धीर आहे.'

मॅनेजरसाहेब खुर्ची ओढून शेजारी बसले. "काय लिहिलंय हो?"

मी पत्राची घडी घातली. म्हटलं, "आभार मानलेत."