भरलेली दांडी

“स्वल्प हुक राहिलेत, अक्का. उद्या या.” मशीनवरून मान वर न करता अण्णा हे म्हणायचे, तेव्हा माझा शिवून, इस्त्री होऊन तयार ब्लाउज त्यांच्या डोक्यावर दांडीला लटकत असायचा. हुकांसकट!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बेंगळुरातल्या शिवाजीनगरला आमच्या ऑफिसच्या खालीच अण्णांचं शिलाईचं दुकान होतं. त्यांचं घराणं कैक पिढ्यांचं तिथलंच, मी पुण्याहून नवीन आलेली. माझं डोकं लगेच तापायचं.

“अहो, मला दिसतोय की ब्लाउज!”

“दिसतोय ना? मग दोन दिवस सगळ्यांना दिसू दे.”

असा शिंपी तुम्हीही पाहिला असेल. पण आमच्या अण्णांनी कारणही सांगून टाकलं. “रिकामी दांडी बघून कोण आत येणार, अक्का? कपडे दिसले की बाई म्हणते, एवढ्या जणी इथं शिवतात, म्हणजे हा बरा असणार.” मीसुद्धा दारातला एक निळा ब्लाउज बघूनच आत शिरले होते.

माझा ब्लाउज दाखवून ते गिऱ्हाइकांना सांगायचे, “पुण्याच्या मोठ्या ऑफिसरीणबाईंचा.” मी आपली साधी टायपिस्ट.

माझी भाची हल्ली बेळ्ळंदूरला एका कंपनीत हेच काम करते. मोबाइलवर चौघींची पसंती दाखवली की पाचवी येते, म्हणते. तिला त्याचा पगार मिळतो.

मग समोर रेडिमेडचं मोठं दुकान आलं आणि अण्णांची दांडी विरळ झाली. एका सोमवारी बघते तर पुन्हा गच्च! मला बरं वाटलं. जवळ गेले, तर सगळे ब्लाउज एकाच मापाचे. तेवढ्यात त्यांची बायको तावातावाने आत आली.

“माझा जांभळा द्या. लग्नाला जायचंय.”

“स्वल्प हुक राहिलेत,” अण्णा म्हणाले. “उद्या ने.”

ती बिचारी माझ्याकडे बघून हसली आणि जुन्याच ब्लाउजवर लग्नाला गेली.

त्यानंतर उगादीसाठी, म्हणजे आपल्या पाडव्यासाठी, मी एक ब्लाउज शिवायला टाकला. सांगितलेल्या दिवशी भांडायच्या तयारीनेच गेले. अण्णांनी तो घडी घालून, कागदात गुंडाळून ठेवला होता.

“झालाय, अक्का. घेऊन जा.”

मी वर पाहिलं. दांडीवर एकही कपडा नव्हता. मला फार वाईट वाटलं.

“राहू द्या हो दोन दिवस,” मी म्हणाले. “मला घाई नाही. उद्या येते.”

“उद्या नको, अक्का. उद्यापासून दुकान नाही.”

घरी जाताना जे. पी. नगरच्या बसमध्ये बसल्यावर मी कागद उघडला. सगळे हुक जागच्या जागी होते.