तेराव्याला दान दिलेला फोन

आमचा धंदा जाळ्यांचा. बेलापूरच्या खाडीकाठच्या गावात आजोबा मासळीची जाळी विणायचे. पुढे खाडीवर भराव पडला, टॉवर उठले आणि बाबांनी तीच विद्या लोकांच्या बाल्कन्यांवर चालवली. लोक जाळी मागतात कबुतरांसाठी. खरी भीती असते ती नुकत्याच चालायला लागलेल्या मुलाची, पण ती कुणी तोंडाने बोलत नाही. बाबांची एक पद्धत होती. प्लास्टरच्या आत काँक्रीटपर्यंत भोक पाडायचं, वीत-वीत अंतरावर हुक बसवायचे आणि काम संपलं की स्वतः त्या जाळीवर अंग झोकून द्यायचं. चौदाव्या मजल्यावर हे बघताना गिऱ्हाईक डोळे मिटून घ्यायचं. वीस वर्षं त्यांच्याबरोबर काम करून मीही मिटायचे.

वेबसाईटचं नाव बाबांनी दहाएक वर्षांपूर्वी घेतलं. आमचं आडनाव आणि पुढे जाळी, इतकं साधं. सरकारने आमची जमीन घेतली तेव्हापासून त्यांनी कागदांचा धसका घेतला होता. डोमेन म्हणजे इंटरनेटवरची आपल्या नावाची जागा, ती दरवर्षी पैसे भरून राखावी लागते, असं मी समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे यो पन सातबाराच हाय. माज्याच नावावर ठेव." ठेवलं. खातं त्यांच्या नावाचं, मोबाईल नंबर त्यांचा. पासवर्डच्या भानगडीत ते पडत नसत. नंबर टाकायचा, फोनवर सहा आकड्यांचा ओटीपी यायचा, तो टाकला की खातं उघडायचं. मुदत संपत आली की आठवणीचा मेसेजही त्याच फोनवर यायचा. मला त्यात कधी लक्ष घालावं लागलं नाही, आणि घालावं असं सुचलंही नाही.

बाबा गेले. मुलगा नाही म्हणून विधी सगळे मीच केले. तेराव्याला गुरुजींना दान द्यायचं असतं: अंथरूण, कपडे, छत्री, चपला, जे जे माणूस वापरत होता ते. आईने त्या ताटात बाबांचा फोन ठेवला. वर चार्जर. "त्यांचा जीव त्यातच होता," म्हणाली, आणि ते खरंच होतं. फोटो मी आधीच काढून घेतले होते. सिमही काढून घेते म्हटलं, तर आई म्हणाली, "मुका फोन द्याचा का त्यांना?" वर्षाचं रिचार्ज बाबांनी एकदम मारून ठेवलेलं. मी काच पदराने पुसली आणि फोन ताटात ठेवला. स्वतःला धंदेवाली म्हणवणाऱ्या बाईने दुकानाची किल्ली अशी ताटात घालून दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या दिवशी दान देताना हजर असलेला एक माणूस जेवायच्या पंगतीत माझ्या समोरच बसला होता. सहा वर्षं बाबांच्या हाताखाली शिकला, मग वाशीत स्वतःचं दुकान टाकलं. वडे दुसऱ्यांदा घेता घेता त्याने विचारलं, "ताई, वेबसाईट आता कोन बघनार?" मी म्हटलं, मीच. तो म्हणाला, "बरं हाय." मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दोन महिन्यांनी पाम बीच रस्त्यालगतच्या एका टॉवरमधून एका बाईंचा फोन आला. "तुमची जाळी सुटलीय. दीड महिनाही झाला नाही हो. वेबसाईटवरचा नंबर कुणी उचलत नाही, म्हणून तुमच्या एका जुन्या गिऱ्हाईकाकडून हा घेतला." माझ्या वहीत तो पत्ता नव्हता. तरी गेले. नववा मजला. हुक प्लास्टरवर नुसते चिकटवलेले, हातभर अंतरावर एकेक, आणि दोरा इतका बारीक की मी बोटाने ओढला तर जाळीचं घर उसवलं. त्यांचा दीड वर्षाचा मुलगा माझ्या पायाशी येऊन त्याच जाळीला कपाळ टेकवून खाली गाड्या बघत उभा राहिला. मी त्याला काखेत उचलला आणि आत आणला.

"हे आमचं काम नाही," मी म्हटलं. बाईंनी फोन काढून दाखवलं. आमचंच नाव. आमच्याच कामांचे फोटो, एका फोटोत तर पाठमोरे बाबा. फक्त वेबसाईटच्या पत्त्याचं डॉटनंतरचं शेपूट वेगळं होतं आणि खालचा नंबर वाशीच्या त्या माणसाचा. त्याने आमच्या नावाची दुसरी जागा घेऊन ठेवली होती. "थांबा, आमची खरी वेबसाईट दाखवते," म्हणून मी माझा फोन काढला. आमचं पान उघडलंच नाही. त्या जागी दोन ओळी होत्या: या नावाची मुदत संपली आहे.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खोटी आहे की तो, हे त्यांना ठरवता येईना, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही आलं नसतं. मी त्यांना बाल्कनीचं दार बंद ठेवायला सांगितलं आणि खाली येऊन स्कूटरवर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचाच फोन. "ताई, वेबसाईट बंद दिसते तुमची. टेन्शन नका घेऊ. सोडून दिली तर मी हाय ना, सांभाळीन. काकांचं नाव हाय, वाया नाय जावाचं." आवाजात इतका जिव्हाळा होता की माझ्या अंगावर काटा आला. तो रोज आमचं पान उघडून बघत होता, मुदत कधी सरते याची वाट बघत.

ज्या कंपनीकडून नाव घेतलं होतं तिथल्या मुलीने फोनवर समजावलं. मुदत संपल्यावर काही दिवस जुन्या मालकालाच नाव परत घेता येतं. त्यातले नऊ दिवस उरले होते. त्यानंतर नाव बाजारात, जो आधी हात घालील त्याचं. "मालकांनी फक्त लॉगिन करायचं, मॅम." मालक वारले म्हटल्यावर तिने मृत्यूचा दाखला आणि वारसाचा दाखला मागितला. बेलापूरच्या वकिलांकडे गेले, ते म्हणाले वारसाच्या दाखल्याला महिने लागतात. बाबांच्या नंबरचं दुसरं सिम काढावं तर त्यासाठी बाबांनीच हजर राहायला हवं होतं.

नाव गेलं असतं तर धंदा बसला असता, हे तर होतंच. पण मला झोपू न देणारी गोष्ट वेगळी होती. कुठल्यातरी मजल्यावर तसलं चिकटवलेलं जाळं सुटणार, कुणाचं तरी मूल खाली जाणार, आणि पोलीस ज्या नावाने शोधायला निघतील ते बाबांचं असणार. मी भ्यायले होते. आयुष्यात इतकी कधीच भ्यायले नव्हते, बाबांच्या आजारपणातसुद्धा नाही.

आईला म्हटलं, गुरुजींकडून फोन आणते. तिचा चेहरा पांढरा पडला. "दिलेला दान परत मांगशील? बापाची वाट आडवशील गो बाय?" तिला खरोखर भीती वाटत होती. तिच्या भीतीत बाबा कुठंतरी अर्ध्या रस्त्यात, पायात चपला नसलेले, उभे होते. माझी भीती नवव्या मजल्यावरची. आमच्या दोघींच्या भीतीचा काही मेळ बसेना. शेवटी मी तिला न सांगताच जुईनगरला गुरुजींच्या घरी गेले.

गुरुजींनी मला बसवलं, पाणी दिलं. फोन मागते असं मी म्हटलंच नाही. नुसतं म्हटलं, त्यावर एक ओटीपी येईल, तेवढा वाचून दाखवा.

"तुम्हीसुद्धा?" ते म्हणाले.

मी पेला खाली ठेवला. त्यांनी सांगितलं ते असं. आठवड्यापूर्वी एक गृहस्थ पेढे घेऊन आले. मी त्यांचा मुलगा, वडिलांच्या फोनवर सहा आकडे येतील तेवढे सांगा, म्हणाले. आकडे आलेही होते, गुरुजींच्या हातातल्या फोनवर, त्या माणसाच्या डोळ्यांसमोर. "मी चष्मा शोधत होतो," गुरुजी म्हणाले, "आणि शोधता शोधता आठवलं की पिंड तर मुलीने दिले होते. मुलगा असता तर मुलीला दर्भ कशाला दिला असता मी? म्हटलं, चष्मा सापडत नाही, उद्या या." दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा ते एका लग्नाला गेलेले होते. तिसऱ्यांदा तो केव्हाही आला असता. जिना वाजला की मी दाराकडे बघत होते.

मी तिथेच जमिनीवर बसून माझ्या फोनवर कंपनीचं पान उघडलं आणि बाबांचा नंबर टाकला. गुरुजींच्या मांडीवरचा फोन वाजला. बाबांनी लावलेला तोच आवाज, बोटीच्या भोंग्याचा. मला हुंदका आला आणि पहिल्यांदा आकडे चुकले. दुसऱ्यांदा बरोबर टाकले. नाव परत घेतलं, एकदम दहा वर्षांसाठी. नंबर माझा घातला, पासवर्ड घातला, नाव दुसऱ्याकडे हलवता येऊ नये म्हणून असलेलं कुलूपही लावलं. कंपनीतल्या त्या मुलीने हे सगळं फोनवर सांगितलं होतं, मी हातावर लिहून आणलं होतं.

घरी आईने तोंड बघूनच ओळखलं. "आनलास फोन?"

"नाय. फोन त्यांच्याकडंच हाय."

"मंग काय आनलंस?"

"सहा आकडे."

तिने थोडा विचार केला. आकड्यांना दोष नसावा असं तिने ठरवलं असणार, कारण मग तिने जेवायला वाढलं.

वाशीच्या त्या माणसाच्या वेबसाईटविरुद्ध वकिलांनी नोटीस पाठवली, तक्रारही केली, ते रखडत चाललं आहे. पण आमचं पान सुरू झालं त्याच दुपारी मी सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: या नावाने दुसरीकडे कुणी जाळी बसवून गेलं असेल तर ती आमची नाही. फोन करा, येऊन बघून देऊ, पैसे घेणार नाही. दोन-चार घरं असतील, माझा अंदाज.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी चौदा पत्ते लिहिले होते. पंधरावा फोन घणसोलीहून, अकराव्या मजल्यावरून. बाईंना काही कळत नव्हतं, कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं म्हणून सहज फोन केला म्हणाल्या. हुक किती अंतरावर आहेत विचारलं. "हातभर असतील," त्या म्हणाल्या, "बघून सांगते, आमची लेक तिथेच खेळतेय."

"बघू नका," मी म्हटलं. "फोन ठेवू नका. तिला आत घ्या, दार लावा, वरची कडी घाला. आत्ता."

पलीकडे धावण्याचा आवाज आला, मग कडीचा. बाई धापा टाकत फोनवर आल्या. "घातली. आता सांगा ना, झालंय काय?"

त्यांच्यामागे मुलगी दोन्ही हातांनी दार वाजवत होती, बाहेर सोड म्हणून.